पातळ्या जुळल्या तरी कण का चुकतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. दख्खनच्या बेसॉल्टमधलं छोटं पाणलोट क्षेत्र, त्याचं मॉडफ्लो या भूजलप्रवाहाच्या प्रोग्राममधलं मॉडेल, २५० मीटरच्या चौकोनांच्या (सेलच्या) ग्रिडवर. निरीक्षण विहिरींतल्या मोजलेल्या पातळ्या मॉडेलशी अर्ध्या मीटरच्या आत जुळतात. गावाच्या पाणीपुरवठा विहिरीत पाणी कुठून येतं आणि यायला किती दिवस लागतात, हे पाहायला मॉडपाथने, म्हणजे मॉडफ्लोच्या प्रवाहात पाण्याच्या काल्पनिक कणांचा माग काढणाऱ्या प्रोग्रामने, कण सोडले. काही कण विहिरीच्या सेलमध्ये थांबले, काही त्याच सेलमधून आरपार गेले, आणि ग्रिड बारीक केल्यावर प्रवासाचे दिवसही बदलले. विचारणाऱ्याला वाटतं की मॉडपाथमधलं एखादं सेटिंग चुकलं असावं, कारण ‘कॅलिब्रेशन (मोजमापांशी मॉडेलची जुळणी) तर उत्तम आहे’. अहवालात काय लिहायचं, हेही विचारलंय.

मॉडपाथ बरोबर चाललंय. घोळ त्या शेवटच्या वाक्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

दोन ओढ्यांच्या मधला जमिनीचा एक लांब पट्टा डोळ्यांसमोर आणा. पावसाचं पाणी मुरतं आणि दोन्ही बाजूंच्या ओढ्यांकडे वाहत जातं. मधल्या भागात पातळी किती फुगेल, याचं सूत्र पाठ्यपुस्तकात आहे. त्यात मुरणारं पाणी आणि खडकाची जलवाहकता सुटी सुटी येत नाहीत, फक्त त्यांचा भागाकार येतो. म्हणजे मुरणारं पाणी (पुनर्भरण) दुप्पट करा, जलवाहकताही दुप्पट करा; पातळी मिलिमीटरनेही हलणार नाही. पाणी मात्र दुप्पट वेगाने वाहेल आणि प्रवासाचे दिवस निम्मे होतील. पातळ्यांकडे बघून या दोन मॉडेलांतलं खरं कोणतं हे सांगताच येत नाही. तुमचं मॉडेल या पट्ट्यापेक्षा गुंतागुंतीचं आहे, पण नुसत्या पातळ्यांवर जुळवलेल्या कुठल्याही मॉडेलला हा आजार कमी-अधिक असतो. पेस्टसारखा, मॉडेलचे आकडे आपोआप जुळवणारा प्रोग्राम वापरला असेल तर पुनर्भरण आणि जलवाहकता यांच्यातलं सहसंबंधाचं कोष्टक उघडून पाहा. तिथे ०.९५ च्या वरचा आकडा दिसला, तर तुमच्या वेगांना अजून आधार मिळालेला नाही असं समजा.

आधार कसा मिळवायचा? कुठेतरी वाहतं पाणी मोजून. पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात, ओढ्यात जे पाणी वाहत राहतं ते बहुतेक जमिनीतूनच आलेलं असतं. पाणलोटाच्या तोंडाशी पत्र्याचा ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच, बसवा. खाचेवरून १० सेंटिमीटर उंचीचं पाणी जात असेल, तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला ३७५ घनमीटरच्या आसपास प्रवाह झाला. मॉडेलच्या बजेटमध्ये (येणाऱ्या-जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबात) ओढ्याला मिळणारं पाणी याच्याशी जुळायला हवं. वर बंधारा असेल किंवा कुणी ओढ्याला मोटार लावली असेल तर तेवढा हिशेब धरा. हा एक आकडा पन्नास निरीक्षण विहिरींच्या पातळ्यांनी मिळत नाही ती माहिती देतो. मी तर कुणाचंही मॉडेल तपासायला घेतलं की आधी हेच विचारते: वाहतं पाणी कुठे मोजलंय?

आता दुसरी गोष्ट, आणि बेसॉल्टमध्ये सगळ्यात मोठी चूक इथेच होते. हेन्री डार्सीने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावरच्या ग्रंथात वाळूच्या नळकांड्यातले प्रयोग मांडले. त्याच्या नियमातून जे मिळतं तो कणाचा वेग नव्हे. ते आहे एक चौरस मीटर छेदातून दिवसाला जाणारं पाणी. कण मात्र फक्त पोकळीतून जातो, म्हणून तो आकडा इफेक्टिव्ह पोरोसिटीने, म्हणजे खडकातल्या पाणी वाहू देणाऱ्या पोकळीच्या हिश्शाने, भागावा लागतो. पातळ्यांच्या स्थिर गणितात ही पोरोसिटी कुठेच येत नाही. म्हणजे कॅलिब्रेशन कितीही सुंदर झालं, तरी या आकड्याबद्दल ते अवाक्षरही काढत नाही.

हे मी किंमत मोजून शिकले. वीसेक वर्षांपूर्वी नाशिक आणि नगरच्या सीमेवरच्या एका गावात सार्वजनिक विहिरीच्या चढाच्या अंगाला, ३०० मीटरवर नवी वसाहत होणार होती, घरोघर शोषखड्डे. त्यांचं पाणी विहिरीपर्यंत पोचेल का, असं विचारलं गेलं होतं. जलवाहकता दिवसाला ५ मीटर, भूजलाचा उतार शंभरात एक. गुणाकार ०.०५. पोरोसिटीच्या जागी सरावाच्या उदाहरणातला ०.२ तसाच राहिला होता. तो वाळूचा आकडा. उत्तर आलं दिवसाला पाव मीटर, म्हणजे १२०० दिवस, सव्वातीन वर्षं. मी तसं लिहून दिलं. खड्डे जूनमध्ये वापरात आले आणि नोव्हेंबरात विहिरीतलं नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडून गेलं होतं.

तेव्हा मी त्या विहिरीत उतरले. आधीच उतरायला हवं होतं. वरचे चार-पाच मीटर मुरूम, त्याखाली मांजऱ्या (छिद्राळ बेसॉल्ट), आणि तळाला काळा पाषाण (घट्ट बेसॉल्ट). कडेने सगळीकडून पाणी झिरपत नव्हतंच. मांजऱ्या आणि पाषाण यांच्या सांध्यावर, वसाहतीच्या बाजूने, दोन झरे होते आणि त्या दोन झऱ्यांवर ती विहीर चालत होती. भूजल मूल्यांकनाच्या राष्ट्रीय पद्धतीत विदारित, सांधेदार बेसॉल्टचा स्पेसिफिक यील्ड (खडकातून निथळून निघणाऱ्या पाण्याचा हिस्सा) १ ते ३ टक्के धरला जातो, सुचवलेला आकडा २ टक्के. स्पेसिफिक यील्ड आणि इफेक्टिव्ह पोरोसिटी एकच नव्हेत, पण दुसरं काही हाताशी नसेल तर सुरुवात तिथून करता येते. ०.२ च्या जागी ०.०२ घातला की वेग अडीच मीटर होतो आणि १२०० चे १२० दिवस होतात. जून ते नोव्हेंबर. ज्या सांध्यातून खरं पाणी वाहतं त्याची पोरोसिटी २ टक्क्यांहूनही कमी असू शकते, मग कण आणखी लवकर पोचेल. उलट भेगांतलं विरघळलेलं द्रव्य दोन्ही बाजूंच्या घट्ट खडकात हळूहळू शिरत राहिलं, तर ते पाण्याच्या मागे रेंगाळतं. दोन्ही बाजूंची ही ओढाताण एका आकड्यात मावत नाही. तो मुद्दा शेवटी घेते.

आता तुमच्या कणांकडे. ‘मॉडपाथ नेमकं काय करतं’ हे एकदा हाताने करून पाहिल्याशिवाय त्याच्या वागण्याचा अर्थ लागत नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या डेव्हिड पोलॉक यांनी १९८८ मध्ये मांडलेली पद्धत अगदी सरळ आहे. मॉडफ्लो प्रत्येक सेलच्या प्रत्येक बाजूतून किती पाणी गेलं हे देतं. त्या पाण्याला बाजूच्या क्षेत्रफळाने आणि पोरोसिटीने भागलं की त्या बाजूवरचा वेग मिळतो. सेलच्या आत, समोरासमोरच्या दोन बाजूंमध्ये वेग सरळ रेषेत बदलतो, एवढंच गृहीत धरायचं.

एक सेल घेऊ. ५० बाय ५० मीटर, जाडी १० मीटर, पोरोसिटी ०.०२. पश्चिमेकडून दिवसाला २५ घनमीटर येतात, पूर्वेकडे ३० जातात. दक्षिणेकडून १० येतात, उत्तरेकडे ७.५ जातात. वरून पावसाचं दिवसाला १ मिलिमीटर, म्हणजे २.५ घनमीटर. येणारं ३७.५, जाणारं ३७.५. हिशेब बसला. पश्चिमेच्या बाजूवर वेग २.५ मीटर, पूर्वेच्या बाजूवर ३. फरक ०.५, त्याला ५० ने भागलं की वेगाचा चढ ०.०१. कण पश्चिमेच्या बाजूवर, मधोमध आहे. पूर्वेला पोचायला लागणारा वेळ म्हणजे ३ भागिले २.५ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले ०.०१, म्हणजे १८.२ दिवस. उत्तर-दक्षिण दिशेत वेग १ वरून ०.७५ वर उतरतो, कणाच्या जागी तो ०.८७५ आहे, तसाच हिशेब केला तर उत्तरेच्या बाजूला पोचायला ३०.८ दिवस लागतील. दोन्हींत लहान १८.२, म्हणून कण पूर्वेच्या बाजूनेच बाहेर पडेल. तेवढ्या वेळात तो उत्तरेकडे २५ मीटरवरून ४०.२ मीटरवर सरकलेला असेल. पुढच्या सेलमध्ये पुन्हा हेच.

यात लहान लहान पावलं टाकत जाणं नाही, पावलांच्या चुका साचत जाणंही नाही. गृहीत धरलेल्या वेगासाठी उत्तर अचूक आहे. शिवाय सेलमधलं पाणी कुठे हरवत नाही की नव्याने निर्माण होत नाही. म्हणूनच चांगल्या संख्यात्मक पद्धतीची माझी पहिली कसोटी पावलाची अचूकता ही नसते. मी आधी पाहते की वेगाचं क्षेत्र पाण्याचा हिशेब सांभाळतं की नाही. पातळ्यांवरून वेग काढून, त्यांत मधले आकडे भरून, रुंगे-कुट्टाने पुढे जाणारे प्रोग्राम मी पाहिलेत. एकजिनसी खडकात ते छान चालतात. पण शेजारच्या सेलची जलवाहकता शंभरपट कमी झाली की कण त्या घट्ट खडकात घुसतात आणि तिथेच अडकून पडतात. फायनाइट एलिमेंट पद्धतीतही ही अडचण आहे. त्रिकोणांच्या सामाईक कडेवर एका बाजूने गेलेलं पाणी आणि दुसऱ्या बाजूने आलेलं पाणी सारखं नसतं, म्हणून आधी वेग दुरुस्त करून घ्यावे लागतात किंवा मिश्र पद्धत वापरावी लागते. त्या मिश्र पद्धतीतलं सगळ्यात साधं, रॅव्हियार-थॉमा प्रकारचं वेगक्षेत्र आयताकृती सेलमध्ये पोलॉकच्या वेगक्षेत्राशी तंतोतंत जुळतं. २०२४ मध्ये मॉडफ्लो ६ मध्येच कणांचा माग काढणारं पीआरटी मॉडेल आलं. तेही आयताकृती सेलमध्ये हीच पद्धत वापरतं.

पद्धत इतकी चोख असूनही तुमचे कण गोंधळले, कारण विहिरीच्या सेलमध्ये पोलॉकला पुरेशी माहितीच मिळत नाही. पाणी चारही बाजूंनी आत येत असेल, तर सेलमध्ये शिरलेला कण विहिरीतच जाणार, शंका नाही. पण एका बाजूने पाणी बाहेरही जात असेल तर? काही पाणी विहिरीत गेलं, काही पुढे निघून गेलं. आपला कण त्यातला कुठला? विहीर सेलमध्ये नेमकी कुठे आहे हेच मॉडेलला माहीत नसतं. मग तुम्ही निवडलेल्या पर्यायाप्रमाणे तो थांबतो किंवा जातो, आणि दोन्ही उत्तरं तितकीच बिनबुडाची असतात. याला वीक सिंक म्हणतात. तुमच्याकडे काही कण थांबले आणि काही गेले, याचा अर्थ विहिरीच्या सेलला आत येणारं सगळं पाणी उपशाच्या काही काळांत विहीर ओढून घेत होती आणि काहींत नव्हती. स्ट्रेस पीरियडनुसार (मॉडेलमध्ये उपसा आणि पाऊस ज्या कालखंडांत बदलतो त्यांनुसार) बजेट काढून पाहा.

ग्रिड किती बारीक हवं, याचं उत्तर कागदावर निघतं. समजा विहिरीचा उपसा दिवसाला १०० घनमीटर आहे, ट्रान्समिसिव्हिटी (जलवाहकता गुणिले थराची जाडी) ५० आणि उतार ०.०१. शेवटच्या दोहोंचा गुणाकार ०.५, म्हणजे एक मीटर रुंदीच्या पट्ट्यातून दिवसाला अर्धा घनमीटर पाणी वाहतं. १०० घनमीटर मिळायला २०० मीटर रुंदीचा पट्टा लागेल. चढाच्या अंगाला दूरवर कॅप्चर झोन, म्हणजे ज्यातलं पाणी विहिरीत येतं तो पट्टा, एवढा रुंद होतो. विहिरीपाशी तो त्याच्या निम्मा, १०० मीटर. उताराच्या अंगाला सुमारे ३२ मीटरवर तो संपतो, तिथे पाणी जागच्या जागी थबकतं. आता विहीर चौरस सेलच्या मधोमध असेल आणि खडक एकजिनसी असेल, तर विहीर चारही बाजूंनी उपशाचा चौथा हिस्सा, २५ घनमीटर, ओढते. उताराकडच्या बाजूने नैसर्गिक प्रवाह बाहेर जायला बघतो: अर्धा घनमीटर गुणिले सेलची रुंदी. २५० मीटरच्या सेलमध्ये तो १२५ आहे. १२५ पुढे २५ चं काय चालणार? सेल ५० मीटरचा झाला की दोन्ही बरोबरीत येतात आणि त्याहून लहान झाला की विहीर जिंकते. म्हणून नियम असा धरा: विहिरीचा सेल कॅप्चर झोनच्या पूर्ण रुंदीच्या चौथ्या हिश्शापेक्षा लहान हवा. इथे ५० पेक्षा कमी, मी २० किंवा २५ घेईन. संपूर्ण पाणलोटात एवढं बारीक ग्रिड करायची गरज नाही. मॉडफ्लो ६ मध्ये विहिरीभोवती सेलचे चार-चार तुकडे करत जाता येतं आणि मॉडपाथ ७ ला तसं ग्रिड चालतं. फ्लोपाय (पायथनमधून मॉडफ्लो चालवायचं साधन) वापरत असाल तर हे एका दुपारचं काम आहे.

जाता जाता एक: उपशाच्या विहिरीतली मोजलेली पातळी कॅलिब्रेशनमध्ये घेतली असेल तर ती काढा किंवा दुरुस्त करा. सेलची पातळी म्हणजे विहिरीची पातळी नव्हे. ती साधारण सेलच्या रुंदीच्या पाचव्या हिश्शाएवढ्या अंतरावरची पातळी असते. २५० मीटरच्या सेलमध्ये ५० मीटर लांबची. वरच्याच आकड्यांत ६ मीटर व्यासाच्या विहिरीसाठी हा फरक जवळपास ९० सेंटिमीटर येतो. तुमची सगळी जुळणी अर्ध्या मीटरची आहे, हे लक्षात घ्या. विहिरीत आडवे बोअर घेतले असतील तर तेही मालकाला विचारा. तीस-तीस मीटरचे दोन आडवे बोअर कॅप्चर झोनचा आकारच बदलतात आणि सरकारी नोंदीत ते सहसा सापडत नाहीत.

ग्रिडनंतर काळाचा प्रश्न. वर्षभराच्या सरासरीवर स्थिर मॉडेल चालवून कण विहिरीपासून उलटे, मागे सोडणं ही नेहमीची पद्धत आहे आणि दहा-वीस वर्षांचा प्रवास असेल तर ती चालते. पण आपला प्रवास १२० दिवसांचा आहे, म्हणजे एका मोसमाएवढा. जूनमध्ये ओढा विहिरीला पाणी देतो, ऑक्टोबरात विहिरीकडचं पाणी ओढ्याला मिळतं, मेमध्ये मुरुमाचा थर कोरडा पडतो. यांची सरासरी काढली तर वर्षातल्या कुठल्याच दिवशी नसलेला प्रवाह हाती येतो. अशा ठिकाणी महिन्या-महिन्याचे, पावसाळ्यात तर आठवड्याचे स्ट्रेस पीरियड घ्या आणि कण निरनिराळ्या तारखांना सोडा. वरचा थर कोरडा पडून सेल बंद होत असतील तर मॉडफ्लोमधला न्यूटन पर्याय (कोरडे सेल बंद न पाडणारा) चालू करा, नाहीतर कण तिथेच अडकतात आणि ‘थांबले’ म्हणून मोजले जातात. सॉल्व्हरची (समीकरणं सोडवणाऱ्या भागाची) चुकीची मर्यादाही कडक करा. एकूण बजेटमधली चूक अर्धा टक्का दिसली तरी एखाद्या संथ सेलमध्ये तेवढी चूक कणाची दिशा फिरवायला पुरते.

प्रदूषकाचं पसरणंही दाखवायचं असेल तर प्रत्येक पावलाला कणाला एक यादृच्छिक धक्का द्यायचा असतो: डिस्पर्शन (पसरण्याचा गुणांक), पावलाचा काळ आणि २ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले एक यादृच्छिक संख्या. स्वतः कोड लिहिणारे इथे एक पद हमखास विसरतात. डिस्पर्शन जागेनुसार बदलतं, आणि त्याच्या बदलाचा चढ वेगात मिळवावा लागतो. तो मिळवला नाही तर कण घट्ट, संथ भागांत गोळा होत जातात आणि नकाशावर तिथे खोटा प्रदूषणाचा डाग दिसतो. तपासायला सोपं आहे: सगळ्या क्षेत्रात कण सारखे पसरून ठेवा, कोड चालवा. ते सारखेच पसरलेले राहिले पाहिजेत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: अहवालात काय लिहू? ‘१२० दिवस’ लिहू नका. पोरोसिटी १ ते ३ टक्के धरली तर तेच ३०० मीटर ६० ते १८० दिवसांत पार होतात, आणि ही फक्त एका आकड्याची अनिश्चितता झाली. ओढ्याचा प्रवाह आणि पातळ्या दोन्ही सांभाळणारे जलवाहकता-पुनर्भरणाचे शंभरेक संच घ्या, प्रत्येकावर कण चालवा आणि कुठल्या सेलमधून किती वेळा कण विहिरीत आला याचा नकाशा द्या. जर्मनीत विहिरीभोवतीचा दुसरा संरक्षण पट्टा ५० दिवसांच्या प्रवासावर आखतात, जंतू तेवढ्या काळात मरावेत म्हणून. तुमच्या नकाशावर ५० दिवसांची रेषा वेगळ्या रंगात दाखवा. आपल्या महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यात पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला निर्बंध होता. पण ते वर्तुळ पाणी पुरावं यासाठी होतं, शोषखड्ड्यांसाठी नव्हे. तुमचा कॅप्चर झोन वर्तुळ नाही, तो चढाकडे लांबलेला पट्टा आहे. ग्रामपंचायतीला तो पट्टा गट नंबरांसह दाखवा, म्हणजे पुढचा शोषखड्डा कुठे नको हे त्यांना कळेल. आणि त्याआधी, या डिसेंबरात, ओढ्यावर तो व्ही-नॉच लावा.